सर्पगंधा, परळ आणि ‘सेरोटोनिन कमी झालंय’

सनाबिसला शुक्रवारी जेवणं उरकून गप्पा सुरू झाल्या की हल्ली कुणीतरी म्हणतंच, "सेरोटोनिन कमी झालंय, म्हणून मन लागत नाही." ही कल्पना आली कुठून? तिचा एक धागा थेट मुंबईला, रक्तदाबाच्या औषधापाशी जातो.

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे फार जुनी. बिहारकडे तिला ‘पागल की दवा’च म्हणत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती वेड आणि रक्तदाब, दोन्हींवर चालते असं लिहिलं. पण जगाचं लक्ष गेलं ते १९४९ मध्ये. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील, परळच्या केईएमचे, यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचा आपला अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळीतून रेसरपीन वेगळं काढलं आणि लवकरच नेथन क्लाइन ते न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात देऊ लागले. १९५७ च्या लास्कर पुरस्कारात वकील आणि क्लाइन, दोघांचीही नावं आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकांत वकिलांचं नाव मला कधी दिसलं नाही.

पुढे रेसरपीन घेणारे काही रुग्ण खिन्न होऊ लागले. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की या औषधाने सशांच्या मेंदूतला सेरोटोनिनचा साठा आटतो. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या: साठा आटला की मन खचतं. सुटसुटीत हिशेब! पण स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रेसरपीनने निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा टोचलं, तेव्हा ते हिंडू लागले. एल-डोपापासून शरीरात डोपामीन बनतं. सेरोटोनिन बनवणारा पदार्थ देऊन मात्र काही झालं नाही. २०२२ मध्ये झालेल्या मोठ्या आढाव्यातही ‘सेरोटोनिन कमी म्हणून नैराश्य’ याला ठोस पुरावा मिळाला नाही.

म्हणून गोळ्या खोट्या ठरत नाहीत. अनेकांना त्यांनी बरं वाटतं. चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि गावाहून येणाऱ्या कुणाच्या बॅगेतून सर्पगंधेचं चूर्ण मागवत असाल, तर आधी वरचा खिन्नतेचा भाग पुन्हा वाचा.

हॉर्मोनचं वेगळं आहे. थायरॉइड मंदावलं की मरगळ येते, उदास वाटतं, आणि ते रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं. मेंदूतलं सेरोटोनिन सांगणारी अशी तपासणी कुठल्याही लॅबमध्ये होत नाही.