जुन्या यंत्रांचे काम

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसताईंनी तिसऱ्यांदा सांगितले, तेव्हा नाही म्हणणे बरे दिसेना. मी काही लेखिका नव्हे. परंतु मंडळाच्या मागच्या खोलीची किल्ली बरीच वर्षे माझ्याकडे आहे, आणि त्या खोलीत ठेवलेल्या संगणकांची हकीकत माझ्याइतकी कोणास ठाऊक नसेल. ही हकीकत आजच सांगण्यास एक कारणही घडले आहे. एका कचेरीने आपल्याकडील पंधरा जुने संगणक मंडळास देऊ केले आहेत. ते घ्यावेत की नाही, यावर कार्यकारिणीच्या मागील दोन बैठकांत इतका वाद झाला की, दुसऱ्या बैठकीस काही भगिनी चहा न घेताच उठल्या. वाद मिटविण्याचा अधिकार मला नाही. मात्र पूर्वी काय घडले ते सर्वांसमोर असावे, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुने यंत्र घेणे म्हणजे कमीपणा, असे काही भगिनींस वाटते. वास्तविक आपल्या देशात संगणकाचा इतिहासच थोड्या यंत्रांत पुष्कळ काम करून घेण्याचा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी स्वतः बांधलेला मोठा संगणक १९६० साली सुरू झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नाव टिफ्रॅक असे ठेवले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि त्याच्या स्मृतीत अवघे २,०४८ शब्द मावत. आज आपल्या नातवंडांच्या हातातील खेळण्यातही याहून अधिक मावते. तरीही त्या यंत्रावर शास्त्रज्ञांनी गणिते केली, कारण कोणते गणित करावयाचे हे त्यांना अगोदर ठाऊक होते.

याच्या उलट बाजूही आहे. आय. बी. एम. कंपनीचे १४०१ नावाचे यंत्र १९५९ साली अमेरिकेत आले. पुढे तिकडे त्याची जागा नव्या यंत्रांनी घेतली, तेव्हा तिकडून निघालेली वापरलेली यंत्रे भारतात आणून, दुरुस्त करून, येथील कचेऱ्यांना भाड्याने दिली जाऊ लागली. यंत्र जुने, पण भाडे भारी, अशी तक्रार झाली. संसदेच्या लोकलेखा समितीनेही १९७० नंतरच्या दशकात या व्यवहारावर टीका केली. १९७८ साली त्या कंपनीने येथील कारभार आवरला. यावरून मला एवढेच दिसते की, जुने यंत्र स्वतः चांगले नसते की वाईट नसते. ते कोणाच्या सोयीने आले, देणाऱ्याच्या की घेणाऱ्याच्या, हे पाहावे लागते.

दान म्हणून जुने संगणक देण्याघेण्याची रीत त्यानंतरची आहे. अमेरिकेत पोर्टलंड या शहरी २००० साली फ्री गीक नावाची संस्था सुरू झाली. टाकून दिलेले संगणक तेथे येत. गावातील साधी माणसे ते उघडून, चांगले भाग निवडून, पुन्हा जुळवीत. ठरावीक तास काम केले की त्या माणसाला एक संगणक घरी नेता येई. दानाला श्रमाची जोड दिली, ही मला त्यातली मोठी गोष्ट वाटते. त्याच सुमारास आपल्या शेजारी गोव्यात, परदेशी गेलेल्या काही गोवेकरांच्या पुढाकाराने अमेरिकेतील वापरलेले संगणक शाळांसाठी आणण्यात आले. अशा ठिकाणी बहुधा लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली घालीत. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा पाया घातला. तिचे हलके प्रकार कमी ताकदीच्या यंत्रावरही चालतात. एक चांगले यंत्र मध्यभागी ठेवून त्याला दहा-बारा जुनी यंत्रे जोडावयाची व सर्व काम त्या एकाकडून करून घ्यावयाचे, ही युक्तीही त्याच काळात शाळांतून रूढ झाली.

आता आपल्या मंडळाची गोष्ट. २००१ साली निघालेली विंडोज एक्स्पी ही प्रणाली बहुतेक कचेऱ्यांत होती. ८ एप्रिल २०१४ नंतर तिची सुरक्षेची डागडुजी बंद झाली आणि पुष्कळ कचेऱ्यांनी जुनी यंत्रे बाहेर काढली. त्यांतील नऊ आपल्या वाट्यास आली. टेम्पो दाराशी उभा राहिला तेव्हा आपण हळदकुंकू वाहून नारळ फोडला, देणाऱ्या सद्गृहस्थांना शाल दिली, छायाचित्र काढले. त्यानंतर ती यंत्रे जुन्या चादरीखाली सात महिने पडून होती!

त्या वेळी आपल्या खजिनदार काकू हयात होत्या. एका बैठकीत त्यांनी चादरीकडे बोट दाखवून विचारले, "शिवणाचे यंत्र घेतले तेव्हा आपण आधी कापड आणले होते. या यंत्रांचे कापड कुठे आहे?" कोणासही उत्तर देता आले नाही. सर्वजणींना संगणक हवा होता. कशासाठी, ते कोणीच ठरविले नव्हते.

मग कामाला आरंभ झाला. तळमजल्यावरच्या वहिनींचा मुलगा तेव्हा अभियांत्रिकीला होता. त्याने नऊही पेट्या उघडल्या. चार यंत्रे लगेच सुरू झाली. दोघांच्या आतील पाटीवरील कपॅसिटर फुगलेले होते; २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या यंत्रांत हा दोष पुष्कळ आढळतो. उरलेल्या तिघांत कोठे धूळ, कोठे पंखा अडकलेला. रॅमच्या पट्टीची पितळी रंगाची कड शाळकरी खोडरबराने हलकेच पुसली की मेलेले यंत्र जागे होते, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. निकामी यंत्रांचे भाग काढून इतरांना घातले आणि नवातून सहा यंत्रे उभी राहिली. एकूण खर्च दोन हजारांच्या आत झाला.

परंतु यंत्रे उघडताना एक लाजिरवाणी गोष्ट निघाली. देणाऱ्या कचेरीने आतील तबकड्या पुसल्याच नव्हत्या. तेथील नोकरांच्या पगाराचे तक्ते, त्यांचे पत्ते, सर्व तसेच होते. आम्ही ते वाचले नाही. त्यांना कळविले आणि त्या मुलाकडून तबकड्या नीट पुसून घेतल्या. नीट म्हणजे, फाईल नुसती कचऱ्यात टाकून ती जात नाही. तिच्यावर नवे लिहून जुने झाकावे लागते. आपणही घरचा संगणक किंवा फोन कोणास देताना हे ध्यानात ठेवावे.

नंतर काकूंनी नियम घातला की एका यंत्राला एकच काम. तो नियम फार उपयोगी पडला. जुने यंत्र एका वेळी चार कामे करावयास सांगितली की थकते, आणि आपणही थकतो. पहिल्या यंत्रावर ग्रंथालयाची यादी चढविली. एक भगिनी पुस्तक वाचून दाखवी, दुसरी लिही. पाच महिने लागले. त्याला इंटरनेट लागत नाही, वेग लागत नाही. कोणते पुस्तक कोणाकडे आहे, हे आता क्षणात समजते, आणि ज्यांच्याकडे ती दोन-दोन वर्षे राहिली होती त्या भगिनींची नावेही समजली! (ती येथे देत नाही.)

दुसऱ्या यंत्रावर बचत गटाचा हिशेब घातला. येथे आमची चांगलीच फजिती झाली. जुन्या यंत्रात एक गोल, चपटा सेल असतो. तो संपला की वीज जाताच यंत्र तारीख विसरते. आम्हांस हे ठाऊक नव्हते. वीज वरचेवर जाई, आणि पुढे जेव्हा हिशेब तपासनीस बसले तेव्हा पस्तीस पावत्यांवर १ जानेवारी २००२ ही तारीख निघाली. तेव्हा तर आपला गट जन्मलाही नव्हता! त्या पस्तीस पावत्या काकूंनी चष्मा पुसत पुसत हाताने पुन्हा लिहिल्या आणि सेल बदलून घेतला. सेलची किंमत तीस रुपये होती. तेव्हापासून हिशेबाची एक प्रत वहीतही ठेवली जाते, आणि ती तशीच ठेवावी असे माझे मत आहे.

उरलेल्यांपैकी तीन यंत्रे मराठी टंकलेखनाच्या सरावास दिली. इनस्क्रिप्ट नावाची कळांची मांडणी १९९१ च्या भारतीय मानकात आहे व ती संगणकात फुकट मिळते. तिच्यात स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे असतात, म्हणून ती लवकर अंगवळणी पडते. त्या वर्गात आपल्याच वाडीतील एक भगिनी येत असत. यजमान अकाली गेले, पदरात दोन मुले, शिक्षण नववीपर्यंत. आरंभी त्या कळेला बोट लावताना इतक्या दबकत की जणू तवाच तापला आहे. चौदा महिन्यांनी त्यांना एका वकिलांच्या कचेरीत मराठी अर्ज टंकण्याचे काम मिळाले. त्यांची थोरली मुलगी आता महाविद्यालयात आहे. ज्या यंत्रावर त्या शिकल्या ते भंगारात किलोवर गेले असते. सहावे यंत्र भजनाच्या भगिनींना दिले. त्यात वडीलधाऱ्या बायकांच्या आवाजातील जुनी गाणी साठविली आहेत. गाणाऱ्यांपैकी दोघी आज आपल्यात नाहीत. त्यांच्या सुना कधीकधी दुपारी येतात, ऐकतात आणि काही न बोलता जातात.

जे फसले तेही लिहिले पाहिजे. आम्ही एका यंत्रावर वीजबिल भरणे व बँकेचे व्यवहार सुरू करणार होतो. त्या मुलाने वेळीच थांबविले. ज्या प्रणालीची डागडुजी बंद झाली तिच्यावर पैशाचा व्यवहार म्हणजे कडी नसलेल्या दाराआड दागिने ठेवणे. मुलांचा इंग्रजीचा वर्गही चालला नाही, कारण शिकविणारे कोणी नव्हते. आणि विजेचा खर्च आम्ही धरलाच नव्हता. जुना जाड मॉनिटर व यंत्र मिळून साधारण दीडशे वॅट घेतात. सहा यंत्रे रोज तीन तास चालली तर दिवसाला सुमारे पावणेतीन युनिटे होतात. पहिले बिल पाहून काकूंनी पंख्याचे बटण बंद केले होते! पुढे आपण चपटे मॉनिटर जुन्या बाजारातून घेतले, तेव्हा हे थोडे सावरले. आता तर ज्या कामाला हातातला मोबाईल पुरतो, त्या कामाला जुना संगणक मांडूच नये.

शेवटी, निकामी वस्तूंचा प्रश्न. जाड मॉनिटरच्या काचेत शिसे असते. भंगारवाला तांब्यासाठी तारा जाळतो, आणि तो धूर अखेर कोणाच्या तरी लेकरांच्या छातीत जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे असा माल नोंदणी झालेल्या पुनर्वापर केंद्राकडेच गेला पाहिजे. आपले जुने मॉनिटर मात्र दीड वर्ष जिन्याखाली पडून होते, हे कबूल करते. दान घेताना त्याचा शेवट आपल्यावर येतो, हे कोणी आम्हांस सांगितले नव्हते.

आता पुन्हा तीच वेळ आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित डागडुजी थांबली आणि पुन्हा कचेऱ्या यंत्रे बाहेर काढीत आहेत. ही यंत्रे आपल्या जुन्या सहांपेक्षा कितीतरी चांगली आहेत. लिनक्स घातले तर अजून कित्येक वर्षे चालतील. म्हणून नकोच म्हणणाऱ्या भगिनींशी मी सहमत नाही. परंतु फुकट मिळतात म्हणून पंधराच्या पंधरा घ्यावीत, असे म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. माझी विनंती अशी की, देणाऱ्यांस तीन गोष्टी लेखी कळवाव्यात: तबकड्या पुसून द्याव्यात, मॉनिटर चपटे असावेत, आणि जी यंत्रे सुरू होणार नाहीत ती त्यांनी परत न्यावीत. यात त्यांचा अपमान नाही. लग्नात आहेर घेतानाही आपण पिशवीत डोकावतोच.

आणि किती घ्यावीत हे ठरविण्यास वादाची गरज नाही. येत्या बैठकीस प्रत्येक भगिनीने एक चिठ्ठी आणावी. तिच्यावर एक काम लिहावे, आणि ते काम आठवड्यातून दोन दिवस कोण करील तिचे नावही लिहावे. नाव नसलेली चिठ्ठी धरू नये. अशा चिठ्ठ्या जितक्या निघतील तितकी यंत्रे घ्यावीत, आणि सुट्या भागांसाठी वर दोन. माझी चिठ्ठी मी लिहून ठेवली आहे. आपल्या मंडळाची जुनी इतिवृत्ते कपाटात पिवळी पडत आहेत, ती उतरवून काढण्याचे काम मी करीन. खजिनदार काकूंचे अक्षर मला लागते.