सोळा वर्षांनी सापडलेलं नाव

"डॉक्टर, बाबांना दिवसा काही आठवत नाही, पण झोपेत गावाकडच्या माणसांची नावं घेतात. मग स्वप्नांतूनच त्यांची स्मृती परत नाही का आणता येणार?" एका रुग्णाच्या मुलीने विचारलं. तिने तसा एक लघुपट पाहिला होता. नायक स्वप्नात शिरतो आणि हरवलेली आठवण घेऊन बाहेर येतो.

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. असं एकदा घडल्याची नोंद आहे.

१८६२ साली बेल्जियमचे तत्त्वज्ञ जोझेफ देलबफ यांना एक स्वप्न पडलं. अंगणात बर्फ, त्यात गारठलेले दोन छोटे सरडे. त्यांनी सरड्यांना ऊब दिली, भिंतीतल्या भोकात ठेवलं आणि भिंतीवर उगवलेल्या नेच्याची पानं खायला दिली. स्वप्नात त्यांना त्या वनस्पतीचं लॅटिन नावही येत होतं: 'अस्प्लेनियम रुटा म्युरालिस'. जागे झाल्यावर ते चक्रावले, कारण वनस्पतींची लॅटिन नावं त्यांना फारशी येत नव्हती. शोधलं तर असा नेचा खरोखर होता! फक्त नाव होतं 'रुटा म्युरारिया'.

सोळा वर्षांनी एका मित्राकडे त्यांना वाळवलेल्या फुलापानांची वही दिसली. आत तोच नेचा, आणि खाली नाव लिहिलेलं खुद्द देलबफ यांच्याच अक्षरात. १८६०मध्ये मित्राची बहीण ही वही घेऊन त्यांच्याकडे आली होती, तेव्हा एका वनस्पतितज्ज्ञाने सांगितलेली नावं त्यांनीच तीत लिहिली होती. पुढे फ्रॉइडने स्वप्नांवरच्या आपल्या ग्रंथात ही हकीकत सांगितली.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती वही. ती सापडली नसती तर हे स्वप्न म्हणजे आठवण आहे हे कुणाला कळलं असतं? आणि आठवण खरी असूनही नावात चूक झालीच होती.

वही नसताना काय होतं? १९९०च्या दशकाच्या शेवटी ज्युलियाना माझ्झोनी आणि एलिझाबेथ लॉफ्टस यांनी प्रयोग केला. लहानपणी आपण कधी हरवलो नव्हतो असं म्हणणाऱ्यांना मानसतज्ज्ञाने त्यांच्याच स्वप्नाचा अर्थ सांगितला: तुम्ही अगदी लहानपणी हरवला असावात. बऱ्याच जणांना ते पटू लागलं. म्हणून कुणी स्वप्नावरून तुमच्या बालपणातला अत्याचार 'शोधून' दिला, तर नातेवाइकांवर आरोप करण्याआधी बाहेरचा पुरावा पाहा. अत्याचार होतात, त्यांच्या आठवणीही खऱ्या असतात. पण स्वप्नाचा अर्थ हा त्याचा पुरावा नव्हे.

आता बाबांचं. २०००मध्ये रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी स्मृती गेलेल्या पाच रुग्णांना टेट्रिस खेळायला लावलं. खेळल्याचं त्यांना आठवत नव्हतं, तरी डोळा लागताना तिघांना पडणारे ठोकळे दिसले. म्हणजे चित्र मेंदूत उरतं, पण ते कुठलं, कधीचं, हा धागा तुटलेला असतो. स्वप्न तो जोडून देत नाही.

त्या मुलीला मी बाबांच्या औषधांची पिशवी आणायला सांगितली. तीत झोपेची गोळी निघाली, कित्येक महिने रोज चालू असलेली. अशा गोळीनेही म्हाताऱ्या माणसाची स्मृती मंदावते. ती एकदम बंद न करता हळूहळू कमी करायचं ठरलं. बी-१२ आणि थायरॉइडचे रिपोर्ट यायचे आहेत.