सूक्ष्म पतंगांची ओळख

पावसाळ्यांत दिव्याभोंवतीं जमणारे बारीक, मातकट पतंग आपण सकाळीं केरसुणीनें झाडून टाकतों. परंतु त्यांतील दोन अगदीं जुळे भासले, तरी एक निरुपद्रवी व दुसरा पिकाचा काळ असूं शकतो. त्यांना वेगळें ओळखण्याची विद्या कोणा एकट्या पंडिताची नव्हे; ती हौशी लोकांच्या परस्परसाहाय्यानें घडली.

भडोचच्या कपाशीवरील एका लहानशा पतंगाचे नमुने विलायतेस गेले आणि १८४४ सालीं विल्यम विल्सन साँडर्स यांनीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. हे गृहस्थ व्यवसायानें विमादलाल! त्यांनीं वर्णिलेला पतंग म्हणजेच आपल्या गुलाबी बोंडअळीचा पतंग होय.

पुढें या विद्येचा भार उचलला तो एडवर्ड मेरिक (१८५४–१९३८) या शाळामास्तरानें. इंग्लंडांतील मार्लबरो येथें १८८७ पासून १९१४ पर्यंत ते ग्रीक-लॅटिन शिकवीत आणि फावल्या वेळीं भिंगाखालीं पतंगांच्या पंखांतील शिरा न्याहाळीत. त्यांनीं आयुष्यांत दहा हजारांहून अधिक जातींना नांवें दिलीं. १९०५ पासून मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत हिंदुस्थानांतील सूक्ष्म पतंगांवर त्यांची लेखमाला आली. नमुने येथील निरीक्षक धाडीत. बिहारांतील पुसा येथील सरकारी कीटकशास्त्रज्ञ बेनब्रिग फ्लेचर हे त्यांपैकींच. धाडणाऱ्यानें स्थळ, तारीख व अळी कोणत्या झाडावर पोसली हें कळवावें आणि पाहणाऱ्यानें नांव सांगावें, असा हा व्यवहार. अळीचें अन्न कळलें, कीं अर्धी ओळख पटते.

मात्र थोर गुरूंनाही मर्यादा असतात. जननेंद्रियें सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून जाति ठरविण्याची पद्धति मेरिक यांनीं मानली नाहीं. पंखांवरून एकरूप वाटणारे पतंग तिच्यायोगें वेगळे करतां येतात, हें इतरांनीं सिद्ध केलें आणि मेरिक यांच्या कित्येक निर्णयांची फेरतपासणी झाली. गुलाबी बोंडअळीचेंच पाहा. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंडची बोंडअळी आपल्याकडील बोंडअळीहून निराळ्या जातीची आहे, हें १९२६ सालीं होल्डवे यांनीं दाखविलें.

नांवासाठीं एवढा अट्टाहास कां? २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भ-मराठवाड्यांतील कपाशीची मोठी नासाडी केली. तिच्यासाठीं शेतांत कामगंध सापळे लावतात; त्यांतील गंधाकडे त्या जातीचे नर ओढले जातात. सांपडलेले पतंग मोजून उपायाची वेळ ठरते. ओळखच चुकली, तर शेतकऱ्याचा पैसा जातो आणि पीकही जातें.

म्हणून घरांतील मुलानें काड्यापेटींत एखादा पतंग धरून आणला, तर त्याजवर रागावूं नका. तो कोठें, कधीं व कोणत्या झाडावर मिळाला, एवढें चिठ्ठीवर लिहावयास सांगा. जाणत्याच्या हातीं ती चिठ्ठी पतंगाइतकीच मोलाची ठरते.