साखर उतरवणाऱ्या गोळीची गोष्ट

साखर वाढल्याचं आपण रोज बोलतो, उतरल्याचं क्वचितच. त्यामागचा इतिहास आज पाहू.

१९४२ साल, दुसरं महायुद्ध चालू होतं. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात डॉ. मार्सेल जाँबाँ विषमज्वराच्या रोग्यांना नवं सल्फा औषध देत होते. काहींना झटके आले, काही दगावले. रक्तातली साखर फार उतरली होती. ऑगुस्त लुबातिएर यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं, की हे औषध स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतं. त्यातूनच १९५० च्या दशकात मधुमेहाच्या गोळ्या आल्या. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड त्याच घराण्यातल्या.

उपाशीपोटी साखर १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. तिथे रोजचं चालणं आणि ताटातला भात आवरणं मोलाचं. गोळी नसेल तर साखर सहसा धोक्याइतकी उतरत नाही. पण या घराण्यातली गोळी घेऊन एकादशी धरली, तर पोट रिकामं असलं तरी गोळी आपलं काम करतेच. उतारवयात मूत्रपिंडं मंदावली, की औषध अंगात रेंगाळतं. मग सासूबाई घामाघूम होऊन बरळल्या, की आपण 'वय झालं' म्हणतो.

तसं न म्हणता आधी साखर तपासू. ७० च्या खाली असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून देऊ आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासू. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता लगेच दवाखाना गाठू. आणि उपास धरण्याआधी गोळीचं डॉक्टरांना विचारू.