शिकलगाराचं चाक

शिकलगार हे मूळचे हत्यारांचे कारागीर. तलवारी, कट्यारी, भाले घासून लखलखीत करायचे, त्यांना धार द्यायची, हे त्यांचं काम. त्यांचं चाक दगडातून कोरलेलं नसे. कुरुंदाची पूड वितळलेल्या लाखेत कालवून चकती करायची, ती लाकडी आसावर बसवायची आणि जोडीदाराने पट्टा पुढेमागे ओढत राहायचं. चाक एकदा सुलट, एकदा उलट फिरे. वेग बेताचा, म्हणून पातं फारसं तापत नसे. मला या कारागिरीतलं सगळ्यांत मोठं शहाणपण इथेच दिसतं.

पेशवाई बुडाली, फौजा मोडल्या. पुढे १८७८च्या शस्त्र कायद्याने हत्यारं परवान्यात अडकवली. तलवारीचं काम आटलं. विळ्या, सुऱ्या, कात्र्या, अडकित्ते उरले. १८९१मध्ये अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसनने विजेच्या भट्टीत कार्बोरंडम बनवलं आणि कुरुंदाला कारखान्यातला प्रतिस्पर्धी मिळाला. आज दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या सायकलवर फिरतं ते बहुधा असंच कारखान्यातलं चाक.

माझ्या आजीची पोलादी विळी मी त्या चाकाला लावू देत नाही. ठिणग्या उडून कड निळी पडली, की पात्याचं पाणी उतरलं. मग धार टिकत नाही. ती मी ओल्या दगडावर, हातानेच पाजळते. कात्री मात्र धारवाल्याकडेच. तिचा फक्त बाहेरचा उतार घासायचा असतो, आतली बाजू बिघडली की कापड कापलं न जाता पात्यांमध्ये दुमडतं, आणि तो कोन त्याच्या हातात पक्का बसलेला आहे.