दरबारी दफ्तर आणि इतिहासलेखन : पेशव्यांचे हुजूर दफ्तर व कोरियातील जोसॉन राजवटीच्या नोंदी

प्रास्ताविक :
राज्यकारभाराची नोंद कोणी ठेवावी, कोणासाठी ठेवावी आणि ती कोणी वाचावी, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास मूलभूत आहेत. प्रस्तुत लेखात मराठ्यांच्या दफ्तरव्यवस्थेचा विचार कोरियातील जोसॉन राजवटीच्या (इ.स. १३९२ ते १९१०) नोंदींच्या संदर्भात केला आहे.

जोसॉन राजवटीतील नोंदी :
जोसॉन दरबारात राजाच्या प्रत्येक भेटीस व चर्चेस इतिहासकार अधिकारी उपस्थित असत. त्यांची टिपणे राजाने पाहू नयेत, असा दंडक होता. राजाच्या मृत्यूनंतर या टिपणांवरून त्याच्या कारकिर्दीचा वृत्तांत सिद्ध होई. इ.स. १४०४ मध्ये राजा ताएजोंग शिकारीत घोड्यावरून पडला. ही गोष्ट इतिहासकारास कळू देऊ नका, असे तो म्हणाला. आणि त्याचे हे म्हणणेही नोंदले गेले. दंडक नेहमीच निर्वेध पाळला गेला असे मात्र नाही. इ.स. १४९८ मध्ये योनसानगुन राजाच्या काळात एका टिपणावरून अनेक विद्वानांना प्राणास मुकावे लागले. इ.स. १५९२ च्या जपानी आक्रमणात या वृत्तांताच्या चार प्रतींपैकी तीन नष्ट झाल्या व केवळ जोनजू येथील प्रत डोंगरात हलविल्यामुळे वाचली. इ.स. १९९७ मध्ये युनेस्कोने या वृत्तांताचा समावेश जागतिक स्मृती नोंदवहीत केला.

मराठ्यांची दफ्तरव्यवस्था :
शिवकालीन अष्टप्रधानांत मंत्री अर्थात वाकनीस हे पद होते व त्यावर दत्ताजी त्रिंबक यांची नेमणूक होती. राजाच्या दैनंदिन घडामोडींची नोंद ठेवणे हे वाकनिसाचे काम. जोसॉनच्या इतिहासकाराशी या पदाचे साम्य उघड आहे; भेद असा की, वाकनीस हा राजाचा प्रधान होता, राजाचा परीक्षक नव्हे. सभासदाची बखरही राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली गेली.

पेशवाईत हुजूर दफ्तर विस्तारले. फडातून सनदा व हुकूम निघत, रोजकीर्दीत दररोजच्या जमाखर्चाची व आज्ञांची नोंद होई आणि एकबेरीज दफ्तरात वार्षिक हिशेबांचे एकत्रीकरण होई. नाना फडणीसांच्या काळात ही व्यवस्था काटेकोर होती. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत तिच्याकडे दुर्लक्ष झाले. येथे नोंदीचा हेतू महसूल, वतन व हक्क हा होता. राजाच्या वर्तनाचा न्यायनिवाडा हा तिचा हेतू नव्हता. तथापि म्हणूनच सामान्य रयतेचे, गावाचे व शेतसाऱ्याचे जे दर्शन रोजकीर्दीत घडते, ते दरबारी वृत्तांतात क्वचितच आढळते.

नाश आणि जतन :
इ.स. १७६३ मध्ये निजामअलीच्या फौजेने पुणे लुटून जाळले. सिंहगडाच्या पायथ्याच्या गावासही आग लावण्यात आली व तेथे आणलेले पुष्कळ कागद भस्मसात झाले. या स्वारीत नागपूरकर जानोजी भोसले निजामाच्या बाजूस होते. राक्षसभुवनच्या लढाईपूर्वी ते पुन्हा पेशव्यांकडे आले. ज्या वऱ्हाडात निजाम व भोसले यांचा दुअंमल होता, त्या वऱ्हाडातील अभ्यासकाने ही घटना विसरू नये.

जोसॉनने मुद्दाम प्रती काढून त्या दूरदूर ठेविल्या. मराठ्यांकडे अशी योजना नव्हती; परंतु सनदेची मूळ प्रत वतनदाराकडे व नोंद दफ्तरात राहत असल्याने एक स्वाभाविक विकेंद्रीकरण घडले. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी यांच्या घरची दफ्तरे हीच आपली दुसरी प्रत होय.

इ.स. १८१८ नंतर हे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. इनाम कमिशनने, विशेषतः इ.स. १८५२ च्या अकराव्या कायद्यानंतर, त्याचा उपयोग इनामदारांचे हक्क तपासण्यासाठी केला. इतिहासाभ्यासकांना मात्र प्रवेश दीर्घकाळ दुर्लभ राहिला. त्यामुळे वि. का. राजवाडे यांना खेडोपाडी हिंडून साधने जमवावी लागली. त्यांचा पहिला खंड इ.स. १८९८ मध्ये निघाला. पुढे गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड इ.स. १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. पुणे येथील दफ्तरखान्यात तीस हजारांहून अधिक रुमाल आहेत; त्यांच्या तुलनेत प्रसिद्ध झालेला भाग अत्यल्प आहे.

निष्कर्ष :
जोसॉनने नोंद राजापासून सुरक्षित ठेवली. मराठ्यांची नोंद राज्याच्या उपयोगासाठी होती. म्हणून पहिल्या साधनात राजाचे वर्तन व दुसऱ्यात राज्याचा व्यवहार अधिक स्पष्ट दिसतो. आज आपल्या साधनांना शत्रूच्या आगीपेक्षा मोडी लिपीच्या विस्मृतीचे भय अधिक आहे. वऱ्हाडातील जुन्या वाड्यांतील रुमाल वाळवीच्या स्वाधीन होण्यापूर्वी महाविद्यालयीन इतिहास विभागांनी मोडीवाचन शिकविणे व अशा कागदांची सूची करणे अगत्याचे आहे. वाचता न येणारा कागद आणि जळालेला कागद यांत अभ्यासकाच्या दृष्टीने फारसा भेद उरत नाही.