बाळ येशूच्या यात्रेनिमित्त नाशिकला येताना : यात्रेकरूंसाठी मार्गदर्शिका

दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात नाशिकरोड येथील बाळ येशूच्या तीर्थालयात मुंबई, वसई, पुणे, गोवा, अहिल्यानगर आणि खानदेशातून हजारो भाविक येतात. बहुतेक जण रात्री बसमध्ये बसतात, पहाटे नाशिकरोडला उतरतात, मिस्साबलिदानात सहभागी होतात, मेणबत्ती लावतात आणि दुपारच्या आत परतीच्या वाटेला लागतात. वीस-पंचवीस वर्षे न चुकता यात्रेला येणारे, परंतु गोदावरी एकदाही न पाहिलेले अनेक श्रद्धावंत आम्हांस भेटतात. "फादर, इथं बघण्यासारखं काय आहे?" आणि "जेवायला कुठं जावं?" हे दोन प्रश्न तर यात्रेच्या मैदानात हमखास ऐकू येतात. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एके ठिकाणी मिळावीत म्हणून ही माहिती वाचकांपुढे ठेवत आहोत.

आपल्या धर्मप्रांताची थोडी ओळख

नाशिक धर्मप्रांताची स्थापना १९८७ साली, पोप दुसरे जॉन पॉल यांच्या कारकिर्दीत, पुणे धर्मप्रांताचे विभाजन करून झाली. येशूसंघीय असलेले थॉमस भालेराव हे पहिले महागुरुस्वामी. नाशिक, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), धुळे, जळगाव व नंदुरबार एवढा विस्तीर्ण प्रदेश या धर्मप्रांतात येतो. येथील ख्रिस्ती समाज मुख्यत्वे मराठी बोलणारा, शेतीवाडी व कष्टाची कामे करणारा आहे. किनारपट्टीवरून येणाऱ्या यात्रेकरूंनी एवढे ध्यानात ठेवले, तर यात्रेत शेजारी गुडघे टेकून बसलेला माणूस कोण, कुठला, हे त्यांना अधिक उमगेल.

कसे यावे

रेल्वेने येणाऱ्यांनी नाशिकरोड स्थानकावर उतरावे. मुंबईहून सकाळी निघणारी तपोवन एक्सप्रेस सोयीची आहे. तीर्थालय नाशिक-पुणे मार्गावर नेहरूनगर भागात आहे व स्थानकावरून रिक्षाने जाता येते. मूळ नाशिक शहर मात्र स्थानकापासून सुमारे ८ ते ९ किलोमीटर दूर आहे. नाशिकरोड म्हणजेच नाशिक, अशी पुष्कळांची समजूत असते आणि त्यामुळेच शहर पाहायचे राहून जाते.

वसई-भिवंडीकडून बसने येणाऱ्यांसाठी कसारा घाटाचा जुना रस्ता आहेच. शिवाय समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्याने घाटातील वेळ वाचतो. त्या महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही.

फेब्रुवारीत नाशिकची पहाट मुंबईकरांना चांगलीच थंड वाटते. वृद्ध व लहान मुलांसाठी स्वेटर, शाल अवश्य घ्यावी.

प्रथम बाळ येशूचे दर्शन

बाळ येशूची ही भक्ती मूळची प्राग शहरातील. १६२८ साली पोलिक्सेना या सरदार घराण्यातील स्त्रीने आपल्याजवळची बाळ येशूची मूर्ती तेथील कार्मेल संघीयांना दिली आणि तेथून ही भक्ती जगभर पोहोचली. नाशिकरोडचे तीर्थालय येशूसंघीय फादर चालवितात. सणापूर्वी नऊ दिवसांची नोव्हेना होते. प्रथेप्रमाणे फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी व रविवारी यात्रा भरते आणि दिवसभर निरनिराळ्या भाषांतून मिस्साबलिदान अर्पण केले जाते. मराठी मिस्साच्या वेळा निघण्यापूर्वी आपल्या धर्मग्रामात विचारून घ्याव्यात.

एक सूचना कळकळीची. लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या सणात मागे राहिला आणि तो सोबतच्या मंडळीत असेलच, असे समजून मरिया व योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले. आपल्या यात्रेतही नेमके असेच होते. आई म्हणते, तो बाबांबरोबर आहे. बाबा म्हणतात, तो आजीबरोबर आहे. मुलांच्या खिशात नाव, गाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. बसमध्ये चढल्यावर डोकी मोजल्याशिवाय चालकास निघू देऊ नये.

काय खावे

नाशिकची ओळख म्हणजे मिसळ. मोड आलेली मटकी, वर फरसाण, कांदा व लिंबू, सोबत पाव, पापड, दही आणि वेगळ्या भांड्यात झणझणीत रस्सा अशी तिची मांडणी असते. काळ्या मसाल्याचा रस्सा हे येथील वैशिष्ट्य. तो आपल्या सोयीने वाढून घ्यावा. ज्यांना तिखट सोसत नाही त्यांनी दह्याचा आधार घ्यावा. गंगापूर-सातपूर जोडरस्त्यावरील साधना येथील चुलीवरची मिसळ प्रसिद्ध आहे. पंचवटीतील अंबिका, कॉलेज रोडवरील तुषार, सातपूरची श्यामसुंदर यांचेही आपापले चाहते आहेत. यांपैकी सर्वोत्तम कोणती, या वादात आम्ही पडत नाही, कारण नाशिकच्या कोणत्याही घरात या प्रश्नावर एकमत नाही. मिसळ ही सकाळची न्याहारी आहे. दुपार टळल्यावर ती मिळेलच असे नाही. पहिल्या मिस्सानंतर लगेच निघणे उत्तम.

मिसळीत मांस नसते, ही गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. काही वर्षी यात्रा प्रायश्चित्तकाळात येते. २०१६ साली राखेचा बुधवार १० फेब्रुवारीस आला होता. २०२७ सालीही राखेचा बुधवार १० फेब्रुवारीस व दुसरा शनिवार १३ फेब्रुवारीस येतो. अशा वर्षी गुरुवारी वा शुक्रवारी निघणाऱ्यांनी वाटेतील ढाब्यावर उपवासकाळाचे भान ठेवावे. शेवभाजी, वांग्याचे भरीत व बाजरीची भाकरी हे शाकाहारी जेवण येथे सर्वत्र मिळते आणि पोटभरीचे असते. मासळी व तांदळाची सवय असलेल्या आपल्या बांधवांनी एकदा तरी हे जेवण चाखावे.

जुन्या गावात गेल्यास सायंतारा येथील साबुदाणा वडा व बुधा हलवाई यांची जिलेबी घ्यावी. घरी नेण्यासाठी कोंडाजी किंवा माधवजी यांचा चिवडा उत्तम. तो प्रवासात टिकतो आणि शेजाऱ्यांना वाटता येतो.

द्राक्षे आणि द्राक्षारस

यात्रेचा काळ हा नाशिकच्या द्राक्षांचाही हंगाम आहे. थॉमसन, सोनाका ही हिरवी आणि शरद ही काळी जात रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर पेट्या भरून मांडलेली दिसते. बागांवर औषधांची फवारणी होत असते. म्हणून द्राक्षे भरपूर पाण्यात नीट धुऊनच मुलांना द्यावीत. भाव करताना एवढे आठवावे की अवकाळी पावसाच्या एका सरीने या शेतकऱ्याचे वर्षभराचे पीक जाऊ शकते.

गंगापूर धरणाच्या परिसरात सुला हा वाइनचा कारखाना आहे. राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये त्याची स्थापना केली आणि त्यानंतर जिल्ह्यात असे अनेक कारखाने उभे राहिले. द्राक्षमळे व द्राक्षारस तयार करण्याची प्रक्रिया तेथे पाहता येते. काना गावच्या लग्नाची कथा ऐकत वाढलेल्या आपल्या समाजास द्राक्षारस परका नाही. वेदीवर वापरला जाणारा द्राक्षारस शुद्ध, द्राक्षांपासूनच बनलेला व न बिघडलेला असावा, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. ही प्रक्रिया पाहिल्यावर त्या नियमाचा अर्थ मुलांना चांगला समजावून सांगता येतो. मात्र महाराष्ट्रात २१ वर्षांखालील व्यक्तीस वाइन देता येत नाही. चालकाने तर तिला स्पर्शही करू नये. यात्रेचा शेवट अपघाताने व्हावा, याहून दुःखद काही नाही.

शरणपूर : नाशिकचा ख्रिस्ती वारसा

नाशिकमधील शरणपूर रोडवरून रोज हजारो वाहने जातात. पण हे नाव कसे पडले ते थोड्यांनाच ठाऊक असते. १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेने येथे ख्रिस्ती वसाहत वसविली. ती शरण आलेल्यांची वस्ती, म्हणून शरणपूर. गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांना पुढे येथे आणून शिक्षण व हातांना काम देण्यात आले. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा तरुण डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीस आफ्रिकेत गेला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन मरण पावले तेव्हा त्यांच्या सोबत्यांनी त्यांचे पार्थिव शेकडो मैल चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेले. वेनराइट पुढे त्यासोबत इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अॅबीतील अंत्यविधीत शवपेटीस खांदा देणाऱ्यांत तो होता. नाशिकला शिकलेल्या, एकेकाळी गुलाम असलेल्या मुलाची ही कथा आपल्या प्रत्येक मुलास ठाऊक असावी.

शरणपूर येथील संत आंद्रियाचे चर्च आपल्या उत्तर भारतीय ख्रिस्तमंडळीतील बंधुभगिनींचे आहे. उपासनेच्या वेळा सांभाळून, परवानगी घेऊन तेथे अवश्य जावे. त्र्यंबक रोडवर आपले होली क्रॉस चर्च आहे. शहरात मुक्काम करणाऱ्यांना रविवारच्या मिस्सासाठी ते जवळ पडते.

याच भूमीशी लक्ष्मीबाई टिळकांचे नाते आहे. १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकजवळील जलालपूरचे. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्यावर आलेला वियोग आणि त्यातून त्यांचा स्वतःचा विश्वासाकडे झालेला प्रवास ‘स्मृतिचित्रे’त आला आहे. टिळकांचे अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुढे नेले. परतीच्या प्रवासात वाचायला हे पुस्तक बरोबर घ्यावे.

शेजाऱ्यांच्या पवित्र स्थळी

नाशिक हे हिंदू बांधवांचे मोठे तीर्थक्षेत्र आहे. पंचवटी, रामकुंड व काळाराम मंदिर पाहण्यास जाताना आपण दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून जात आहोत, हे विसरू नये. पादत्राणे काढावीत, पोशाख साधा असावा, स्नान करणाऱ्यांची छायाचित्रे घेऊ नयेत. याच काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. देवाच्या दारी कोणास अडवू नये, हा त्या सत्याग्रहाचा आग्रह आपणही आपल्या चर्चच्या दारात उभे राहून तपासून पाहण्याजोगा आहे.

मुंबई-आग्रा महामार्गालगत, शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवर पांडवलेणी आहेत. नावात पांडव असले, तरी ही २४ बौद्ध लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून कोरली गेली. चढण पायऱ्यांची आहे. गुडघेदुखी असणाऱ्यांनी पायथ्याशी थांबावे. तेथेच दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. फाळक्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरचा. मुंबईत येशूच्या जीवनावरील मूकपट पाहून त्यांना चित्रपट काढण्याची प्रेरणा झाली आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

वेळेचे नियोजन

एकच दिवस असल्यास पहाटेची मिस्सा, मिसळ, शरणपूर, गोदावरीचा काठ आणि पांडवलेणी एवढे पाहून सायंकाळी परतता येते. दोन दिवस असल्यास दुसऱ्या दिवशी गंगापूर धरण व द्राक्षमळे पाहावेत. पुण्याकडे जाणाऱ्यांनी सिन्नरचे गारगोटी संग्रहालय चुकवू नये. दगडाच्या पोटातील स्फटिक मुलांना फार आवडतात. तीर्थालयाकडे जाता-येता नोटा आणि तिकिटे छापणारे छापखाने लागतात; आत जाता येत नाही, पण आपल्या खिशातील नोट कदाचित येथेच छापली गेली, हे मुलांना सांगावे.

यात्रेच्या दोन दिवसांत निवासाची सोय मिळणे कठीण होते. आगाऊ व्यवस्था करावी. सिंहस्थ कुंभमेळ्याची प्रमुख स्नाने ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. त्या काळात नाशिकला येण्याचे टाळणे बरे. ज्यांना पुन्हा या धर्मप्रांतात यावयाचे आहे, त्यांनी सप्टेंबरमध्ये श्रीरामपूरजवळील हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला यावे.

शेवटची विनंती

यात्रा संपल्यावर मैदानात आणि रस्त्याच्या कडेला पत्रावळ्या, प्याले व प्लास्टिकच्या बाटल्या पडलेल्या दिसतात. त्या उचलणारे हात येथील गरीब कामगारांचे असतात आणि बसच्या खिडकीतून फेकलेले कागद पाहणारे डोळे आपल्या अन्यधर्मीय शेजाऱ्यांचे असतात. आपण कोणत्या भावाने प्रार्थना केली हे त्यांना दिसत नाही; आपण मागे काय टाकून गेलो, तेवढेच दिसते. प्रत्येक बसने एक पिशवी बरोबर आणावी व आपला कचरा आपणच गोळा करावा.

तीर्थालयाच्या दारात भक्ती संपत नाही. मिसळीच्या टेबलावर, द्राक्षवाल्याशी बोलताना, रिक्षावाल्याचे पैसे देताना आणि दुसऱ्याच्या मंदिरापुढे चपला काढतानाही आपण यात्रेकरूच असतो. बाळ येशू आपला प्रवास सुखरूप करो व आपणा सर्वांस पुन्हा नाशिकला आणो.